विशीत दिलेली वर्षं, साठीत कुणाची?

पगार नव्हताच, म्हणून पीएफ नाही. नोकरी नव्हतीच, म्हणून पेन्शन नाही. धार्मिक संस्थेत पंचवीस-तीस वर्षं सेवा केलेल्या माणसाला संस्थेनेच एक दिवस निरोप दिला, तर त्याच्या हातात काय उरतं?

-----

गणपतीत मंडळाचा टी-शर्ट घालून रात्रभर गर्दी आवरलीय कधी? वारीच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या वाटल्यात? एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरलेत, सात दिवसांच्या कॅम्पमध्ये बंधारा बांधलाय?

केलंच असेल. आणि मजाही आली असेल. त्या कामाचे पैसे कुणी दिले नाहीत, आपण मागितलेही नाहीत. सर्टिफिकेट मिळालं, दोस्त मिळाले, पोटभर मिसळ मिळाली. विषय संपला.

आपण तास देतो. काही जण मात्र वर्षं देतात. आणि काही जण तर विसाव्या वर्षी घर सोडतात, कॉलेज सोडतात आणि सगळं आयुष्यच एका धार्मिक संस्थेच्या हवाली करतात. स्वतःच्या इच्छेने, आनंदाने. बदल्यात जेवण, राहायला खोली, हातखर्चाला थोडे पैसे. बाकी देव बघेल आणि संस्था बघेल, हा विश्वास.

देवाचं आपण देवावर सोडू. प्रश्न संस्थेचा आहे. वीस-पंचवीस वर्षांनी संस्थाच म्हणाली की आता तुमची इथे गरज नाही, तर?

देवाचं घर

मुंबई-पुण्यात स्टेशनबाहेर छोट्या ट्रॉलीवर मासिकं मांडून शांतपणे उभे असलेले लोक तुम्ही पाहिले असतील. ओरडत नाहीत, मागे लागत नाहीत. विचारलंत तर हसून बोलतात. त्या ट्रॉलीवर ‘टेहळणी बुरूज’ आणि ‘सावध राहा!’ ही मराठी मासिकंही असतात. हे लोक म्हणजे ‘यहोवाचे साक्षीदार’. जगभरात त्यांची संख्या नव्वद लाखांच्या घरात आहे. लॉ करणाऱ्यांना ते एका खटल्यामुळे माहीत असतील. राष्ट्रगीताला उभी राहणारी, पण ते न गाणारी केरळची तीन मुलं शाळेतून काढली गेली आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. तो बिजो इमॅन्युएल खटला याच समाजातल्या मुलांचा.

या संस्थेची जगभर कार्यालयं आहेत. त्यांना म्हणतात ‘बेथेल’. हिब्रू भाषेत याचा अर्थ देवाचं घर. भारतातलं बेथेल काही काळ आपल्या लोणावळ्यात होतं, आता बंगळुरूमध्ये आहे. मुख्यालय १९०९ पासून शंभराहून जास्त वर्षं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होतं.

बेथेलमध्ये पुस्तकं छापली जातात, भाषांतरं होतात, स्वयंपाक होतो, कपडे धुतले जातात, गाड्या दुरुस्त होतात. हे सगळं करणारे लोक स्वयंसेवक असतात. अर्ज करायचं वय साधारण १९ ते ३५. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची पोरं! आत गेल्यावर आज्ञापालनाची आणि निर्धन राहण्याची शपथ घ्यायची. खोली आणि जेवण संस्थेचं. महिन्याला छोटासा भत्ता. पगार नाही. तिथे राहणाऱ्या सगळ्यांना मिळून ‘बेथेल कुटुंब’ म्हणतात. कर्मचारीवर्ग नाही, कुटुंब. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. या समाजात कित्येक दशकं तरुणांना सांगितलं जायचं की युनिव्हर्सिटीच्या शिक्षणामागे लागू नका, तो वेळ प्रचारकार्याला द्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संस्थेच्या नियमन मंडळाने भूमिका बदलली आणि पुढचं शिक्षण हा ज्याचा-त्याचा निर्णय असल्याचं सांगितलं. चांगलं झालं. पण १९८५ किंवा १९९५ मध्ये विशीत असलेल्यांनी तेव्हाचा सल्ला मानून डिग्री सोडली होती. ती वर्षं काही परत आली नाहीत.

‘नवी नेमणूक’

२०१४ पासून संस्थेत एकेक बदल सुरू झाले. गावोगाव फिरून मंडळ्यांना भेटी देणारे ‘प्रांतीय पर्यवेक्षक’ असायचे, ते पदच बंद झालं. विभागीय पर्यवेक्षकांना सत्तरीनंतर फिरतीचं काम थांबवायला सांगितलं गेलं. मग २०१५ च्या अखेरच्या महिन्यांत मोठी घोषणा झाली. बेथेल कुटुंब लहान करायचं. जगभरच्या कार्यालयांमध्ये तेव्हा वीस हजारांहून जास्त स्वयंसेवक होते. पुढच्या काळात त्यांतल्या हजारोंना बाहेर पाठवण्यात आलं. अनेक बांधकामंही थांबवली गेली.

कारणं कळण्यासारखी होती. छपाई कमी होत होती. २०१६ पासून मासिकांचे अंक घटले, पुढे वर्षाला तीन-तीनवर आले, सगळं वेबसाइटवर जायला लागलं. काम कमी झालं की माणसं कमी लागतात, हे कुठल्याही ऑफिसात होतं. संस्थेचं म्हणणं होतं की साधनं आणि माणसं प्रत्यक्ष प्रचाराच्या कामाकडे वळवायची आहेत. म्हणून याला कुणी ‘काढून टाकणं’ म्हटलं नाही. शब्द होता ‘नवी नेमणूक’.

नव्या नेमणुकीत झालं काय? काहींना ‘खास पायनियर’ केलं, म्हणजे प्रचाराच्या कामासाठी थोडा भत्ता चालू राहिला. बाकीचे साधे पायनियर झाले. साध्या पायनियरला भत्ता नसतो. त्याने प्रचारही करायचा आणि पोटही स्वतः भरायचं. म्हणजे पन्नाशीच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा भाड्याचं घर शोधायचं, बायोडेटा लिहायचा आणि इंटरव्ह्यूला जायचं. ‘मागच्या पंचवीस वर्षांचा अनुभव?’ या रकान्यात लिहायला छापखाना किंवा स्वयंपाकघर. ‘शेवटचा पगार?’ या रकान्यात काहीच नाही.

सगळ्यांनाच बाहेर पाठवलं असंही नाही. अनेक वृद्ध बेथेलमध्येच राहिले, त्यांची काळजी घेतली जाते. आणि बाहेर पडलेल्यांची ओढाताण संस्थेला दिसत नव्हती असंही नाही. ‘टेहळणी बुरूज’च्या ऑगस्ट २०१९ च्या अभ्यास आवृत्तीत नेमणूक बदलल्यावर कसं सावरावं यावर एक अख्खा लेख आहे. धीर द्यायला लेख होता. अडचण एवढीच की लेखाने घरभाडं भरता येत नाही.

त्याच काळात ब्रुकलिनमधल्या इमारती विकल्या जात होत्या. २०१३ मध्ये काही इमारतींचे ३७.५ कोटी डॉलर आले. २०१६ मध्ये कोलंबिया हाइट्सवरचं खुद्द मुख्यालय ३४ कोटी डॉलरला गेलं. संस्था वॉरविक नावाच्या शांत गावात नव्या आवारात राहायला गेली. या इमारती दशकानुदशकं झाडल्या, पुसल्या, रंगवल्या, दुरुस्त केल्या त्या बिनपगारी हातांनी. मालमत्ता संस्थेच्या नावावर होती, त्यामुळे पैसे संस्थेचे. कायद्याने यात काहीच चूक नाही. मनाला खटकतं ते वेगळंच. जमिनीत गुंतवलेली वर्षं वाढून परत आली. माणसांनी गुंतवलेली वर्षं मात्र कुठेच जमा नव्हती.

शून्य येतो कुठून?

हे नीट समजून घेऊ, कारण अडचण कुणा एकाच्या दुष्टपणाची नाही, हिशोबाच्या पद्धतीची आहे.

अमेरिकेत म्हातारपणी सरकारी पेन्शन मिळते, तिला सोशल सिक्युरिटी म्हणतात. ती मिळवायला किमान ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांची कमाई आणि त्यावर भरलेला कर. पण निर्धनतेची शपथ घेतलेल्या माणसाला त्याच्या धार्मिक संघासाठी केलेल्या कामाबद्दल जे मिळतं, ते वेतन धरलं जात नाही. वेतन नाही म्हणून कर नाही, कर नाही म्हणून क्रेडिट नाही. संघाने स्वतःहून या योजनेत यायचं ठरवलं तरच मोजणी सुरू होते. ती सोय १९७२ पासून कायद्यात आहे. नाही ठरवलं तर तीस वर्षांच्या कामानंतरही सरकारी कॉम्प्युटरवर तुमच्या नावापुढे शून्य.

आत असेपर्यंत हा शून्य दिसत नाही. कारण जेवण वेळेवर येतं, डॉक्टर मिळतो, वाढदिवसाशिवायही सगळे प्रेमाने वागतात. शून्य दिसतो तो दारातून बाहेर पाऊल टाकल्यावर.

हे एका पंथाचं नाही

वाटेल की हे एका छोट्या पंथापुरतं आहे. तसं नाही. कॅथलिक चर्चसारख्या प्रचंड संस्थेतही हा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या ननांनी शाळा आणि हॉस्पिटलं नाममात्र पैशांवर चालवली. म्हातारपणासाठी कुणी काही बाजूला ठेवलंच नाही. गृहीत असं होतं की तरुण नन येत राहतील आणि म्हाताऱ्यांना सांभाळतील. तरुण नन यायच्या बंद झाल्या. १९८६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी छापली तेव्हा लोक हादरले. आपल्याला बाराखडी शिकवणाऱ्या सिस्टर म्हातारपणी पैशाला महाग झाल्या आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं. मग १९८८ पासून देशभरच्या चर्चमध्ये दरवर्षी त्यांच्यासाठी खास वर्गणी गोळा व्हायला लागली. आजही होते.

या नन निदान आपापल्या मठांत होत्या. ज्यांना बाहेर काढलं जातं त्यांचं काय? कॅथलिक चर्चच्या कायद्यात यावर कलम आहे, क्रमांक ७०२. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सांगतो की संघ सोडून गेलेल्या किंवा काढलेल्या व्यक्तीला तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येणार नाही. दुसरा भाग सांगतो की तरीही संघाने तिच्याशी न्यायाने आणि दयेने वागावं. फरक बघा. पहिल्या भागात ‘मागता येणार नाही’ हे पक्कं आहे. दुसऱ्या भागात किती द्यावं, कधी द्यावं, नाही दिलं तर काय, यांतलं काहीच नाही. एका बाजूला नियम, दुसऱ्या बाजूला सद्भावना.

सद्भावना कधी कधी पुरत नाही, हे व्हॅटिकनलाही कळलंय. २०२० च्या सुरुवातीला कार्डिनल ब्राझ दे अविझ यांनी व्हॅटिकनच्याच मासिकात सांगितलं की संघांनी वाऱ्यावर सोडलेल्या ननांसाठी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये एक घर उघडलंय. त्यांतल्या काहींवर पोटासाठी देहविक्रय करायची वेळ आली होती. २०२३ मध्ये पोपनी आणखी एक नियम बदलला. संघातून काढल्याविरुद्ध अपील करायला आधी फक्त दहा दिवस मिळायचे, ते तीस झाले. दहा दिवस! आपल्याला रीचेकिंगचा फॉर्म भरायलाही कधी कधी त्याहून जास्त दिवस मिळतात.

आपल्या देशातलं उदाहरण केरळचं. सिस्टर लुसी कलप्पुरा तीन दशकांहून जास्त काळ फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात होत्या. २०१८ मध्ये बलात्काराचा आरोप असलेल्या बिशपच्या अटकेसाठी ननांनी आंदोलन केलं, त्यात त्या सहभागी झाल्या. (पुढे २०२२ मध्ये सत्र न्यायालयाने त्या बिशपना निर्दोष ठरवलं.) २०१९ मध्ये संघाने लुसींना काढलं. संघाचं म्हणणं होतं की कारण आंदोलन नाही, तर व्रतभंग. परवानगीशिवाय गाडी घेतली, पुस्तक काढलं, पगार संघाला दिला नाही. कोण बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण काढल्यावर पहिला प्रश्न कुठला उभा राहिला? राहायचं कुठे? तो प्रश्न थेट कोर्टात गेला.

त्या शाळेत शिक्षिका होत्या. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या ननचा पगार निदान तिच्या नावावर निघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हाच मुद्दा होता. चर्चच्या बाजूचं म्हणणं होतं की नन आणि फादर स्वतःकडे काही ठेवत नाहीत, सगळा पगार संघाला जातो, तर त्यावर टीडीएस कापू नका. कोर्टाने ते मानलं नाही. पगार ज्याच्या नावावर, कर त्याच्या नावावर. म्हणजे कर कापताना कायदा म्हणतो, हे तुझं उत्पन्न आहे. मग जिचा पगार निघतच नाही, जी मठाच्या स्वयंपाकघरात किंवा वृद्धाश्रमात तीस वर्षं राबते, तिच्या नावावर काय?

‘पण ते तर स्वेच्छेने गेले ना?’

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. माझ्याही आला होता. कुणी डोक्याला बंदूक लावली नव्हती. पगार नाही हे आधीच सांगितलं होतं. सेवा म्हणजे सेवा, तिचा हिशोब मागायचा तर ती सेवा कसली?

यात तथ्य आहे. सेवा करणाऱ्या माणसाला जे समाधान मिळतं ते पैशात मोजता येत नाही. बाहेर पाठवलेल्यांतही अनेक जण आजही श्रद्धेने तेच काम करतात, त्यांची काही तक्रार नाही. त्यांना बिचारं ठरवायचा आपल्याला काही अधिकार नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघूया. स्वतः सोडून जाणं वेगळं आणि निघायला सांगितलं जाणं वेगळं. ‘मी पगार मागणार नाही’ एवढंच माणसाने कबूल केलेलं असतं. ‘मी म्हातारा झाल्यावर मला विचारू नका’ असं त्याने कबूल केलेलं नसतं. उलट, पगार न घेण्यामागचा आधारच हा असतो की हे कुटुंब आहे, कुटुंब सांभाळेल. घरात आईला पगार नसतो. पण काम कमी झालं म्हणून कुणी आईला ‘नवी नेमणूक’ देत नाही.

काम घेताना कुटुंब आणि निरोप देताना संस्था, असं दोन्हीकडून चालत नाही. कुटुंब असाल तर शेवटपर्यंत सांभाळा. संस्था असाल तर संस्थेसारखा हिशोब ठेवा.

कोर्टं काय म्हणाली?

धर्माच्या कारभारात कोर्टं सहसा पडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तरी काही निकाल वाचण्यासारखे आहेत.

अमेरिकेत अलामो फाउंडेशन नावाची धार्मिक संस्था होती. ती पेट्रोलपंप, कपड्यांची दुकानं असे धंदे चालवायची. काम करणारे म्हणायचे, आम्ही स्वयंसेवक आहोत, आम्हाला पगार नकोच. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की वर्षानुवर्षं जेवण, कपडे आणि निवारा यांवर अवलंबून राहून ही माणसं काम करतात. म्हणजे हे वेगळ्या रूपातलं वेतनच आहे. या कामाला किमान वेतनाचा कायदा लागू.

दुसरा निकाल जर्मनीचा, आणि तो वाचताना आपल्याला हसू येईल. कारण त्या जर्मन निकालात ‘सेवा’ आणि ‘सेवक’ हे आपलेच शब्द आहेत! तिथल्या एका योग आश्रमात एक वकील बाई २०१२ ते २०२० अशी आठ वर्षं ‘सेवक’ म्हणून राहिल्या. आठवड्याला ४२ तास सेवा, महिन्याला जास्तीत जास्त ३९० युरो हातखर्च. बाहेर पडल्यावर त्यांनी किमान वेतन मागितलं. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलं की हा आश्रम कायद्याच्या अर्थाने धार्मिक समुदाय ठरत नाही. त्यामुळे या बाई कर्मचारीच होत्या आणि किमान वेतन त्यांचा हक्क आहे.

खऱ्या धार्मिक संघांसाठी जर्मनीत वेगळीच, साधी युक्ती आहे. संघात असताना नन किंवा संन्यासी यांना सरकारी पेन्शन योजनेत पैसे भरावे लागत नाहीत, कारण संघ सांभाळणार असतो. पण ती व्यक्ती संघाबाहेर पडली, तर मागच्या वर्षांची वर्गणी संघाने सरकारी योजनेत भरायची. काढलं की सोडलं, हा वाद नाही. श्रद्धा संघाकडे, वर्षं माणसाकडे.

फ्रान्सने १९७८ मध्ये धर्मसेवकांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. तरीही मठातली उमेदवारीची सुरुवातीची वर्षं पेन्शनमध्ये धरली जात नव्हती. बाहेर पडलेले संन्यासी आणि नन एकत्र आले, कोर्टात गेले आणि २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाकडून निकाल मिळवला. कुणाचं काम कधी सुरू झालं हे ठरवताना चर्चचे अंतर्गत नियम शेवटचा शब्द नाहीत, असं कोर्टाने म्हटलं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे देवस्थानं आहेत, मठ आहेत, आश्रम आहेत, चर्च, दर्गे, गुरुद्वारे आहेत. कुठे आठवडाभराच्या पाळीने येणारे सेवेकरी असतात. त्यांची घरं-शेतं-नोकऱ्या आपापल्या जागी असतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही. पण पूर्णवेळ सेवक असतात ते? मुदपाकखाना सांभाळणारे, गोशाळा बघणारे, ग्रंथ छापणारे, पहाटे चारला उठून आवार झाडणारे?

त्यांतला जो पगारी कर्मचारी आहे, त्याला कायदा बऱ्यापैकी ओळखतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाच वर्षं काम केलं की ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महिना १५ हजार पगारावर २५ वर्षं केली तर साधारण २ लाख १६ हजार रुपये होतात. शिवाय पीएफ. शेजारी बसून तेच काम करणारा ‘सेवक’ मात्र या हिशोबात येतच नाही, कारण त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, हजेरीचा कागद नाही. दोघं एकाच पंक्तीत जेवतात. निघताना एकाला चेक मिळतो, दुसऱ्याला शाल आणि नारळ.

उपाय फार महाग आहे का? गणित करून बघू. अटल पेन्शन योजनेत १८ वर्षांच्या मुलाने महिना २१० रुपये भरले, तर साठीनंतर त्याला दरमहा ५ हजार रुपये पेन्शन मिळते. दोनशे दहा रुपये! कटिंग आणि वडापाव धरून आपल्या कट्ट्याचं एका दिवसाचं बिल. वय चाळीस झालं की त्याच पेन्शनसाठी महिना १,४५४ रुपये लागतात. आणि चाळिशी ओलांडली की या योजनेचं दार बंद. कर भरणाऱ्यांना ही योजना मिळत नाही, पण बिनपगारी सेवकाला ती अडचण नाही.

पाच हजारांत म्हातारपण निघत नाही, मान्य. पण शून्य आणि पाच हजार यांत फरक आहे. दानपेटीतून दर सेवकामागे महिना २१० रुपये बाजूला काढायला कुठल्याही संस्थेची श्रद्धा आड येणार नाही. फक्त सेवक एकोणीस वर्षांचा असताना कुणाला तरी तो साठ वर्षांचा होणार आहे, हे आठवायला हवं.

सेवेला ‘हो’ म्हणण्याआधी

तुमच्यापैकी कुणी उद्या एखाद्या मठात, आश्रमात, मिशनमध्ये किंवा एखाद्या संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून जाईल. जरूर जा. फक्त काही प्रश्न विचारून जा. विचारल्याने श्रद्धा कमी होत नाही.

- मी आजारी पडलो तर खर्च कोण करणार? हे कुठे लिहिलेलं आहे?
- माझ्या नावावर पेन्शनचं काही खातं असेल का? नसेल तर मी स्वतः उघडलं तर चालेल का?
- मला निघायला सांगितलं तर किती दिवस आधी सांगाल? निघताना काय द्याल?
- केलेल्या कामाचं, शिकलेल्या कौशल्याचं प्रमाणपत्र मिळेल का?
- इथे आता साठीत असलेले सेवक आहेत का? ते कुठे राहतात? त्यांच्याशी बोलता येईल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. संस्थेचं माहितीपत्रक तरुणांच्या हसऱ्या फोटोंनी भरलेलं असतं. तिथले म्हातारे कुठे आहेत ते बघा. ते अंगणात खुर्ची टाकून बसलेले दिसले, पोरं त्यांना चहा आणून देताना दिसली, तर ते खरंच कुटुंब आहे. विचारल्यावर कुणी विषय बदलला, तर थोडं थांबा.

आणि डिग्री शक्यतो पूर्ण करा. परत यायची वेळ आली तर ती एक पायरी असते.

आता राहिले आपण, कुठेही पूर्णवेळ न जाणारे. आपण देवळात जातो, प्रसाद घेतो, दानपेटीत दहाची नोट टाकतो. पुढच्या वेळी तिथे पंगत वाढणाऱ्या, केस पांढरे झालेल्या माणसाला नाव विचारा. किती वर्षं झाली इथे, ते विचारा. तो आनंदाने सांगेल. मग कधीतरी विश्वस्तांपैकी कुणी ओळखीचं भेटलं, तर त्यांनाही एक विचारा. काका, ते पंगतीत वाढतात ना, त्यांच्या म्हातारपणाची काय सोय केलीय?

दानपेटीत नोट टाकणाऱ्याला एवढं विचारायचा हक्क नक्कीच आहे.